जावईबापूंचा खोटा डोळा

आमच्याकडे एक मासा आला आणि घरातल्या सगळ्यांची जेवणं बिघडली.

मासा आजोबांचा. टाकी पण त्यांचीच. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून पलंगाएवढी लांब काचेची टाकी आहे. आत खारं पाणी, दगड, दगडांवर वाढणारी जिवंत प्रवाळं, सतत मिशा हलवत कोणाची तरी चौकशी करत फिरणारी एक कोळंबी, आणि नारिंगी पट्ट्यांचे दोन जोकर मासे. जोकर हावरट. झाकणाला नुसता हात लागला की तोंड वासून वर हजर. त्यांच्याबद्दल कधी कोणाला काळजी करावी लागली नाही. माझ्यासारखेच ते. ताटात पडलं की खाल्लं.

आमचं खाली चष्म्याचं दुकान आणि वर घर. दुकान आजोबांनी सुरू केलं, आता बाबा चालवतो. आणि शाळा सोडल्यापासून मीही तिथेच असते. शाळेचं माझ्याशी पटलं नाही, माझं शाळेशी पटलं नाही, विषय संपला. दुकानात माझी कामं तीन: दांड्यांचे स्क्रू आवळायचे, काचा पुसायच्या आणि तोंड बंद ठेवायचं. पहिली दोन मी उत्तम करते. एकदा एका बाईंनी मोठ्ठी हिरवी फ्रेम लावून विचारलं, कशी दिसते मी? मी म्हटलं, बेडकासारखी. तेव्हापासून बाबाने माझं टेबल भिंतीकडे फिरवलंय. पण भिंतीवर आरसे आहेत, त्यामुळे मला सगळं दिसतंच.

तर मासा. तो मीठवाल्याकडून आला. मीठवाला म्हणजे शोभेच्या माशांचं दुकान चालवणारा. आजोबा त्याच्याकडून समुद्राचं पाणी बनवायला मिठाची पोतीच्या पोती आणतात, म्हणून आमच्या घरात तो मीठवाला. मासा दिसायला एकदम झकास. ताटलीसारखा चपटा, पांढऱ्या अंगावर तांबूस-केशरी उभे पट्टे, तोंड चिमट्यासारखं लांब, आणि पाठीमागे शेपटीच्या जरा वर एक काळाभोर गोल डाग, त्याला पांढरं कडं. मीठवाल्याने आमच्यादेखत उघडी शिंपली पाण्यात धरली आणि माशाने चिमटीने टिपावं तसं आतलं मांस टिपून खाल्लं. "जेवणाच्या बाबतीत जरा खोडील आहे," मीठवाला म्हणाला. जरा! लग्न जमवताना सांगतात ना, मुलगा जरा तापट आहे, तसलं जरा.

त्या दिवशी जेवताना आजोबांनी आम्हाला माशावर व्याख्यान दिलं. त्या काळ्या डागाला म्हणे खोटा डोळा म्हणतात. खरा डोळा पट्ट्यात लपलेला असतो. मोठा मासा खायला आला की त्याला वाटतं डागाकडे तोंड आहे, तो तिकडे झडप घालतो, आणि हा दुसरीकडून पसार. "मूर्ख असतो तो फसतो," आजोबा म्हणाले आणि पाण्याचा पेला नेहमीच्या जागेच्या जरा बाजूला ठेवला, म्हणजे टेबलाच्या कडेवर. तो पडला. आई उठून पुसायला लागली. पेले पडतातच.

मासा घरी आला आणि त्याने उपास धरला.

कोळंबीचे बारीक तुकडे दिले, नको. गोठवलेल्या अळ्यांच्या वड्या येतात, त्या वितळवून दिल्या, नको. मीठवाल्याने फोनवर सांगितलं की लसणाच्या पाण्यात भिजवून बघा, वासाने भूक लागते. आईने लसूण ठेचला आणि ऐकवलंच, की मी भाजीत चार पाकळ्या जास्त टाकल्या तर या घरात नाकं मुरडतात आणि माशाला मात्र ताजा ठेचून. माशानेही नाक मुरडलं. तेव्हा मी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. मानपान सगळा हवा, पानावर बसायला सांगितलं की तोंड वाकडं.

भरवायचं काम फक्त आजोबांचं. त्यांच्याकडे एक लांब काचेची नळी आहे, वरच्या टोकाला रबरी फुगा. नळीत खाणं ओढून घ्यायचं, माशाच्या तोंडाशी न्यायचं आणि फुगा हळूच दाबायचा. भरवायच्या वेळी पाण्याचा पंप बंद, खोलीतला दिवा बंद, आणि माणसंही बंद, म्हणजे आम्ही सगळे बाहेर. मासा लाजतो, असं आजोबांचं म्हणणं. थोड्या वेळाने दार उघडून बाहेर यायचे, चेहरा पडलेला, आणि रोज तेच सांगायचे: "काय विचित्र मासा आहे. घास तोंडाशी नेला की उलटा पोहत लांब जातो."

बाबाला याचं फार हसू यायचं. गिऱ्हाइकांना पण सांगायचा, आमच्याकडे रिव्हर्स गिअरवाला मासा आहे म्हणून. मीठवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, घाबरला तर एखादा जातो बुवा मागे, पण रोज?

मासा रोड होत चालला. पाठीवरून बघितलं तर डोक्याच्या मागे खळगा दिसायला लागला, गाल बसल्यासारखा. मला ते बघवत नव्हतं, आणि मला एखादी गोष्ट बघवत नाही तेव्हा माझं डोकं फिरतं. मी त्याच्यासमोर उभी राहून त्याला दोन-चार शिव्या घातल्या. तो शांतपणे दगडात चोच घालत राहिला. म्हणजे भूक होती. भूक नसलेला कोण दिवसभर दगडाच्या फटी हुंगत बसेल?

मग आजोबांच्या हातून एक मोठं प्रवाळ तुटलं. नळी त्याच्यावरच आपटली. आणि दुसऱ्या दिवशी टाकीत पाणी ओतताना अर्धी बादली बाहेर, बाबाच्या नव्या बुटांत. त्यावरून बाबा बोलला. ओरडला नाही, ते जास्त वाईट. म्हणाला, "अण्णा, हा मासा रविवारपर्यंत खायला लागला नाही तर मीठवाल्याला सांगून परत देऊ. आणि टाकी पण देऊन टाकू. तुमच्याच्याने आता होत नाही."

आजोबांनी खिशातलं चष्मा पुसायचं फडकं काढलं आणि टाकीची काच पुसायला लागले. स्वच्छच होती ती.

दुकानातनं त्यांना बाबाने आधीच उठवलं होतं, आता आराम करा म्हणून. हातात ती नळी तेवढी राहिली होती. ती पण गेली की ते दिवसभर काय करणार, याचा कोणी विचार केला होता का? मी केला. कारण त्या टाकीसमोर मीही बसते. घरात तेवढी एकच जागा आहे जिथे कोणी मला विचारत नाही, की मग पुढे काय ठरवलंस?

शुक्रवारी पंपाचा प्लग ढिला झाला. तो टाकीच्या मागे, टाकीखालचं बुटकं कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत. मी आडवी होऊन आत शिरले, प्लग दाबला, आणि तेवढ्यात आजोबा आले. दिवा बंद केला, बाहेरून पंप बंद केला, स्टूल ओढून बसले. मी आत आहे हे त्यांना दिसलंच नाही. खरं तर माझे पाय चांगले बाहेर आले होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आता ओरडून सांगितलं तर दचकतील, म्हणून मी गप्प पडून राहिले. मान वर केली की टाकीच्या मागच्या काचेतून मला पुढचं सगळं दिसत होतं. मधे मासा, पलीकडे आजोबांचा चेहरा, हिरवट काळ्या काचांचा चष्मा लावलेला. उन्हाचा त्रास होतो म्हणून ते घरातही तो काढत नाहीत. नळी पाण्यात आली. जावईबापूंचं तोंड माझ्या डाव्या हाताला, शेपटी उजव्या. नळी गेली उजवीकडे. अगदी हळू, प्रेमाने, त्या काळ्या डागाच्या समोर जाऊन थांबली. "खा रे राजा," आजोबा पुटपुटले आणि फुगा दाबला.

शेपटीवर एकदम पाण्याचा फवारा आल्यावर कोण थांबेल? मासा सरळ पुढे सटकला. पण ज्याला शेपटी म्हणजे तोंड वाटतंय त्याला तो उलटाच पळालेला दिसणार ना. सांडलेलं सगळं जोकरांनी फस्त केलं. आजोबांनी परत नळी भरली, परत तो डाग शोधला, परत शेपटीला घास.

मूर्ख असतो तो फसतो, असं ज्यांनी आम्हाला शिकवलं ते रोज फसत होते.

मला आधी हसू आलं. तोंड दाबून हसले. मग त्या फटीत पडल्या पडल्या हसू गेलं आणि पेला आठवला, बूट आठवले, प्रवाळ आठवलं. आणि हेही आठवलं की आईने मागेच बाबाला सांगितलं होतं, अण्णांचे डोळे बघा एकदा. बाबाने दुकानातल्या खुर्चीत बसवून बघितलेही होते. मशीनवर बसायला आजोबा तयार नव्हते. यंत्रावर माझा विश्वास नाही, तक्ता लाव, म्हणाले. आणि तक्ता त्यांनी वरपासून खालच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड वाचला होता.

आमचा तो अक्षरांचा तक्ता. आजोबांनीच कधी काळी दुकानात लावलेला. बदललाय पण दर वेळी तस्साच, त्याच कंपनीचा. मला तोंडपाठ आहे आणि मी तर आत्ता आत्ता दुकानात बसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना मी दिव्याच्या पेटीतून तक्ता बाहेर काढला, उलटा केला आणि परत सरकवला. मोठं अक्षर खाली, बारीक मुंग्या वर, सगळे डोक्यावर उभे. मग बाबाला म्हटलं, आई परत मागे लागलीय, आजोबांचे डोळे एकदा तपासून टाक बाबा, म्हणजे गप्प बसेल. बाबा वैतागला, पण आजोबा तर लगेच तयार झाले. ऐटीत खुर्चीत बसले, एका डोळ्यावर हात ठेवला आणि पाढे म्हणावेत तसा तक्ता म्हटला. मग दुसऱ्या डोळ्यावर हात, परत तेच. एकही अक्षर चुकलं नाही.

आणि बाबा? बाबा त्या वेळी टेबलाखाली वाकून पडलेला स्क्रू शोधत होता. खालूनच म्हणाला, "ठणठणीत. मला नाही एवढं दिसत."

तो वर यायच्या आत मी पेटीचा दिवा बंद केला. का केला? बाबाला कळलं असतं तर त्याने रविवारची पण वाट बघितली नसती. ज्याला दिसत नाही त्याच्या हातात कोण टाकी ठेवेल?

आजोबा जिना चढून वर निघाले. मी मागोमाग गेले. मधल्या वळणावर म्हटलं, "आजोबा, तक्ता उलटा होता."

ते अजून एक पायरी चढले. मग थांबले. माझ्याकडे वळले नाहीत.

"एखादं अक्षर चुकलं का?"

"नाही."

"मग झालं तर."

"आणि जावईबापू उलटे पोहत नाहीत. तुम्ही त्यांच्या शेपटीला भरवताय."

तेव्हा मात्र ते पायरीवर बसले. बराच वेळ गुडघे चोळत राहिले. मग चष्मा काढला. मी त्यांचे डोळे कित्येक दिवसांत असे उघडे बघितले नव्हते. बुबुळाच्या मधे दुधावर साय धरावी तसं झालं होतं. मोतीबिंदू. आमच्या दुकानात येणारं लहान पोरही ओळखेल. फक्त आमच्या घरात कोणी ओळखला नाही, कारण आमच्या घरात सगळे चष्मेवाले.

मी विचारलं, दिसतं तरी काय तुम्हाला? म्हणाले, उजेड दिसतो, माणसं दिसतात, चेहरे आवाजावरून लावून घेतो. माशाचा एक काळा ठिपका दिसतो, बाकी सगळं पांढरं. त्यांना वाटलं, एरवी काळा असला तरी या माशाचा खोटा डोळा फिका असेल म्हणून दिसत नाही, आणि हा ठसठशीत दिसतोय म्हणजे खरा. डोळा दिसला की त्याच्यापुढे तोंड असणारच. बरोबरच आहे म्हणा. माझा राग तिथेच अर्धा झाला, पण अर्धा होता अजून.

"गिऱ्हाइकांना काय सांगायचात तुम्ही? ऑपरेशनला घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं वाटतं. आख्खं आयुष्य सांगितलंत."

"सांगणाऱ्याला कुठे चावते मुंगी," आजोबा म्हणाले.

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले.

शेवटी ठरलं असं: मी कोणाला काही बोलायचं नाही. मासा जेवायला लागला, टाकी वाचली, की आजोबांनी स्वतः बाबाला सांगायचं. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नाही, सांगायचं. ते म्हणाले, बरं बाई लवंगी, सांगू. लवंगी म्हणजे मी. मिरचीवरून की फटाक्यावरून ते त्यांनी कधी सांगितलेलं नाही.

दुपारी आई पलीकडे स्वयंपाकघरात होती, म्हणजे मोठ्याने डावीकडे-उजवीकडे करता येत नव्हतं. म्हणून मी स्टुलामागे उभी राहिले आणि त्यांच्या पाठीवर खुणा ठरवल्या. डाव्या खांद्यावर टिचकी म्हणजे डावीकडे, उजव्या म्हणजे उजवीकडे, मानेखाली म्हणजे दाबा. आधी त्यांनी त्यांना दिसणारा डाग गाठायचा आणि तिथून मी सांगेन तशी नळी माशाच्या अंगावरून पुढे तोंडाकडे न्यायची.

ऐकायला सोपं आहे. करताना आमची चांगलीच जुंपली. मी जोरात मारते म्हणे. "पाठ आहे ती, दार नाही," आजोबा कुजबुजले. मी म्हटलं, मग लवकर उघडत का नाही? मी डावीकडे सांगावं तर मासा तोवर वळलेला, डाग एकदम तिसरीकडेच. जोकर तर मधेच येऊन नळीच्या तोंडालाच लटकायचे. शेवटी मी एका हाताने टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात वडी टाकली, ते तिकडे धावले, आणि दुसऱ्या हाताने मानेखाली टिचकी. फुगा दाबला गेला. तुकडा बरोब्बर चिमट्यासमोर.

जावईबापूंनी तो तोंडात घेतला. आणि थुंकला.

मी कपाळाला हात लावला. आजोबांना काही दिसलं नव्हतं, त्यांनी विचारलं काय झालं. सांगितलं. तर ते खूश. म्हणाले, थुंकायला आधी तोंडात घ्यावा लागतो.

पण तो खायला लागला असं काही म्हणता येत नव्हतं, आणि रविवार उजाडला.

मीठवाला दुपारी आला, हातात दोन बादल्या, जाड पिशव्या, खांद्यावर जाळी. त्याने माशाकडे बघून तोंडाने चक् केलं. बाबा आणि आई सोफ्यावर बसले. बाबा आजोबांकडे बघायचं टाळत होता, पायातल्या चपला सारख्या सरळ करत होता. आजोबांनी एवढंच मागितलं की शेवटचं एकदा भरवतो. कोण नाही म्हणणार?

या वेळी दार बंद नाही, सगळे समोर. मी शिंपली उघडून मांस बारीक केलं, नळी भरून दिली आणि आजोबांच्या मागे उभी राहिले. आईने विचारलं, तू कशाला मधे? म्हटलं, आधाराला. आईला ते पटलं नाही. मी कधी कोणाला आधार दिलाय म्हणून पटेल?

नळी आत गेली. डाग गाठला. डाव्या खांद्यावर टिचकी. नळी सरकली. परत टिचकी. छान चाललं होतं. तेवढ्यात मीठवाल्याला राहवलं नाही. तो म्हणाला, काका, अहो किती कडेने नेताय. आजोबा बिचकले. नळी परत मागे, डागावर. मी टिचकी मारली, त्यांना कळली नाही. अजून एक मारली. मासा तिथेच होता, हलला नव्हता, तोंड पुढे करून चक्क वाट बघत होता. पहिल्यांदाच! आणि नळी शेपटीशी. आजोबांचा अंगठा फुग्यावर दाबायला निघालेला मला दिसला, एक जोकर वरून येताना दिसला, आणि माझं डोकं फिरलं.

"आजोबा, ती शेपटी आहे! तोंड इकडे, डावीकडे. अजून. अजून थोडं. थांबा. आता दाबा."

त्यांनी दाबलं.

जावईबापूंनी घास घेतला. गिळला. मग पुढे येऊन नळीच्या तोंडाला चोच लावली आणि उरलेलं आतूनच ओढून खाल्लं. इतक्या दिवसांचा उपाशी, त्याला लाज कसली.

मीठवाला तेवढा, खाल्लं की हो, म्हणाला, पण बाकी कोणी माशाकडे बघतच नव्हतं. बाबा आजोबांच्या पाठीकडे बघत होता. चष्म्यांच्या दुकानात वाढलेला माणूस, त्याला दोनदा सांगावं लागत नाही. एकदा मात्र सांगावं लागतं.

"अण्णा," तो म्हणाला, "तक्ता तर आख्खा वाचलात काल."

"पाठ आहे रे," आजोबा पुढेच बघत म्हणाले. "तुझ्या जन्माच्या आधीपासून पाठ आहे."

तोंड उघडलंच होतं माझं, म्हणून मी उरलेलंही सांगून टाकलं, की काल तो उलटा होता. बाबाचा चेहरा असा झाला की मला त्याची दया आली. मग आई हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढूनच. जगाला नंबर काढून देता, म्हणाली, आणि सख्खा बाप घरात चाचपडतोय तो दिसेना, तुम्हालाच एक चांगला जाड चष्मा लावा. बाबा उठला, आजोबांच्या शेजारी जमिनीवर बसला आणि त्यांचा काळा चष्मा हळूच काढून डोळ्यांत बघितलं. गिऱ्हाइकाच्या बघतो तसं नाही. बराच वेळ बघितलं.

मग बापलेकांची बोलणी झाली. बाबाचं म्हणणं, टाकी राहील, पण या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आजोबांचं म्हणणं, डोळ्याला पट्टी लागली तर माशाला भरवणार कोण? यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघताय, मी तर नुसती आधाराला होते.

मीठवाला बादल्या घेऊन उभाच होता. त्याने विचारलं, मग मी काय नेऊ? आजोबा म्हणाले, नेऊ नकोस, आण. ताज्या शिंपल्या आण, पाहुणा जेवायला लागलाय.

माझ्यावर आजोबा रागावतील असं मला वाटलं होतं. वचन दिलं होतं ना. संध्याकाळी विचारलंही. ते म्हणाले, "लवंगीच्या हातात गुपित दिलं तेव्हाच मला माहीत होतं. मला सांगवत नव्हतं, तू सांगितलंस. आता जा, काच पूस."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी घर डोक्यावर घेतलं. डॉक्टरचा हात कसा आहे, दिवस चांगला आहे का, हवा दमट आहे, पुढच्या महिन्यात करू. आईने शांतपणे सांगितलं की मुंगी चावते फक्त. दवाखान्यातून आले तेव्हा आम्ही विचारलं, चावली का? म्हणाले, झोप लागली होती, लक्ष नव्हतं.

पट्टी होती तोवर नळी माझ्या हातात आणि आजोबा माझ्या मागे. पद्धत तीच, आधी डाग, मग तोंड. दिसत काही नव्हतं, दुसऱ्या डोळ्यावर तर साय तशीच, पण टिचक्या मारणं चालू. डाव्या खांद्यावर, उजव्या खांद्यावर, उगाच. मी म्हटलं, पाठ आहे ती, दार नाही. ते म्हणाले, उसने होते, फेडतोय.

मग पट्टी निघाली. ते आधी माझ्याजवळ आले, हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे फिरवलं आणि नीट न्याहाळलं. "नाकाच्या शेंड्यावर राग असतो असं नुसतं ऐकत होतो," म्हणाले. "आज दिसला." बाबाला म्हणाले, केस कुठे गेले रे तुझे? आईला काही बोलले नाहीत, हुशार आहेत. मग टाकीपाशी गेले, नाक काचेला लावलं, आणि पहिलं वाक्य: ही काच कोणी पुसली, कोपरे तसेच आहेत.

जावईबापू मधोमध उभे. आता चांगले गरगरीत झालेले, खळगा कुठल्या कुठे. आजोबा त्यांच्याकडे बघतच राहिले. पट्टे बघितले, पट्ट्यात लपलेला खरा डोळा शोधून काढला, ती लांब चोच बघितली. इतका देखणा आहे हे मला कोणी सांगितलं नाही, असं वर आम्हालाच म्हणाले.

मग स्टुलावर बसले. मागे कोणी नको, म्हणाले. नळी भरली, पाण्यात घातली आणि थेट, अचूक, माशाच्या तोंडासमोर नेऊन धरली. हात जरासुद्धा हलला नाही. माझ्याकडे बघून भुवई उडवली.

जावईबापूंनी नळीकडे बघितलं. मग सावकाश वळले आणि शेपटी पुढे करून उभे राहिले.

आजोबांनी नळी फिरवून परत तोंडाशी नेली. मासा परत वळला. शेपटी पुढे. त्याला आता तेच माहीत होतं: नळी आधी मागे येते, अंगावरून सरकते, आणि मग तोंडाशी घास मिळतो. आम्ही दोघांनीच लावलेली सवय. मी सोफ्यावर लोळून हसत होते, आणि आजोबा तोंडातल्या तोंडात त्या माशाला असं काही म्हणत होते जे मी शाळेत म्हटलं असतं तर शाळा अजून लवकर सुटली असती.

शेवटी त्यांनी मुकाट्याने नळी मागे नेली. काळ्या डागाशी टेकवली, तिथून अंगावरून हळूहळू पुढे आणली. जावईबापूंनी तेवढी मान वळवली आणि ऐटीत घास घेतला.